ऑनलाइन विक्रेत्यांना ई-कचरा परत घ्यायला कसं लावायचं

ऑनलाइन विक्रेत्याला ‘तुम्ही जुनी उपकरणं परत घेता का?’ असं विचारलं की ‘हो, आमची एक्स्चेंज ऑफर आहे’ असं उत्तर येतं आणि पाठपुरावा बहुतेक वेळा तिथेच थांबतो. एक्स्चेंजमध्ये पुन्हा विकली जाईल अशीच वस्तू घेतात: चालू फोन, धड स्क्रीनचा लॅपटॉप, बऱ्या स्थितीतला टीव्ही. बंद पडलेला राउटर, जोडीतला एकच उरलेला इअरबड, फुगलेली पॉवर बँक, मोटर जळालेला मिक्सर, ड्रॉवरभर चार्जर यांना तिथे कुणी विचारत नाही. मागणी करायची ती या मालासाठी, आणि पहिल्याच पत्रात ‘एक्स्चेंज वगळून’ असं लिहून टाकायचं.

२०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा करून रिसायकल झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर सांगतो. पत्रात याला एक ओळ पुरे. जगाच्या आकड्याने कुठलीही कंपनी हलत नाही. स्वतःच्या चेकआउट पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट समोर आला की मात्र आत हालचाल सुरू होते.

आधी तपासणी

एका विक्रेत्याची तपासणी दोघांना एका संध्याकाळी करता येते. पाच वस्तू निवडा: फोन, इअरबड किंवा पॉवर बँक, लॅपटॉप, मिक्सर किंवा इस्त्री, आणि फ्रिज किंवा वॉशिंग मशीन. प्रत्येक वस्तू कार्टमध्ये टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत जा. ऑर्डर द्यायची गरज नाही. पत्ता बदलून तीन पिनकोड तपासा: मोठं शहर, तालुक्याचं गाव, खेडं. ‘देशभर सेवा’ म्हणवणारी योजना दुसऱ्याच पिनकोडला गायब झालेली दिसते.

प्रत्येक वस्तूसाठी लिहून ठेवा: जुनं परत देण्याचा पर्याय वस्तूच्या पानावर दिसतो, कार्टमध्ये दिसतो की फक्त मदत विभागात पुरून ठेवलेला आहे? तिथे पोचायला किती क्लिक लागले? वस्तू त्यांच्याकडूनच घेतलेली असावी लागते का? शुल्क आहे का? कोणत्या वस्तू नाकारतात? रिसायकलरचं नाव दिलंय का? एवढं एका तक्त्यात बसतं.

मग ग्राहक सेवेच्या चॅटवर एकच प्रश्न टाका: ‘माझ्याकडे बंद पडलेला, विक्रीयोग्य नसलेला अमुक आहे. मला एक्स्चेंज नको. तो तुम्ही रिसायकलिंगसाठी घेता का, आणि कसा?’ संभाषण जतन करा, तक्रार क्रमांक टिपून ठेवा. एजंट हमखास एक्स्चेंजचीच लिंक पाठवतो. तेव्हा तोच प्रश्न शब्दही न बदलता पुन्हा विचारा. दुसरं उत्तर नोंदीत जास्त उपयोगी पडतं, कारण एजंटच्या माहितीत याबद्दल काही आहे की नाही ते त्यातून कळतं.

तपासणी फुकट जाते ती ठरलेल्या कारणांनी. ॲप आणि संकेतस्थळ वेगळं दाखवतात, म्हणून दोन्हीचे स्क्रीनशॉट घ्या. लॉग-इन केल्यावर आणि न केल्यावर पर्याय बदलतात. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि पिनकोड नसेल तर कंपनी ‘हे जुनं पान आहे’ म्हणून मोकळी होते. सणासुदीच्या सेलमध्ये पानं रोज बदलतात, त्यामुळे तपासणी सेलच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करावी.

जबाबदारी नेमकी कुणाची

इथे घाई केलेली पत्रं सरळ कचऱ्याच्या डब्यात जातात. ऑनलाइन कंपनीच्या तीन भूमिका असू शकतात. ती नुसती बाजारपेठ असते आणि माल तिसऱ्याच विक्रेत्याचा असतो; ती स्वतः विक्रेता असते; किंवा स्वतःच्या ब्रँडचा वा स्वतः आयात केलेला माल विकते. पहिल्या भूमिकेत कंपनी सहज अंग काढून घेते, तिसऱ्या भूमिकेत तिला ते फार कठीण जातं. म्हणून सुरुवात कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडच्या केबल, चार्जर, स्पीकर, पंखे यांच्यापासून करा. वस्तूच्या पानावर विक्रेत्याचं नाव बघा, आणि घरात तिची एखादी वस्तू असेल तर खोक्यावरच्या लेबलावर ‘आयातदार’ किंवा ‘विपणन’ या शब्दापुढे कुणाचं नाव आहे ते वाचा. त्या चार ओळींचा फोटो पत्राला जोडा.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मुख्य जबाबदारी उत्पादकावर टाकतात. त्यांतली उत्पादकाची व्याख्या मात्र विक्री दुकानातून होते की ऑनलाइन याकडे बघत नाही: स्वतःच्या ब्रँडखाली उपकरण विकणारा आणि आयात केलेलं उपकरण विकणारा, दोघेही तिच्यात येतात. अशा कंपनीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पत्रात तिचा नोंदणी क्रमांक मागा.

युरोपीय संघाच्या २०१२/१९ या निर्देशानुसार नवं उपकरण देताना त्याच प्रकारचं जुनं फुकट परत घ्यावं लागतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक मालाची विक्रीची जागा ४०० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २५ सेंटिमीटरपर्यंतच्या लहान वस्तू, ग्राहकाने काहीही विकत न घेता, स्वीकाराव्या लागतात. ऑनलाइन विक्रेते म्हणत, आमचं दुकानच नाही. जर्मनीने त्यांच्या गोदामाचं आणि पाठवणीच्या जागेचं क्षेत्रफळच विक्रीची जागा म्हणून मोजायला घेतलं आणि ती पळवाट बुजली. तिथे फ्रिज, मोठे स्क्रीन आणि मोठी उपकरणं नवीन वस्तू देताना घरूनच फुकट न्यावी लागतात, आणि ‘जुनं द्यायचंय का?’ हे ऑर्डर घेतानाच विचारावं लागतं. ब्रिटनमध्ये उलट चित्र. २०२१ पासून वर्षाला १ लाख पौंडांहून जास्त इलेक्ट्रॉनिक माल विकणाऱ्या दुकानांना दुकानातच जुनं घेणं भाग पडलं, पण फक्त ऑनलाइन विकणाऱ्यांना एका योजनेत पैसे भरून त्यातून सुटका मिळते. तिथल्या संसदेच्या पर्यावरण लेखापरीक्षण समितीने २०२० च्या अहवालात दुकानदार आणि ऑनलाइन बाजारपेठा यांना समान वागणूक द्यावी असं म्हटलं होतं.

ही परदेशी उदाहरणं कशासाठी? एकच कंपनी एका देशात चेकआउटवर हा पर्याय देत असेल तर दुसऱ्या देशात तिचं ‘तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे’ हे उत्तर टिकत नाही. दोन्ही देशांतल्या पानांचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावून पाठवा.

नेमकं काय मागायचं

‘पर्यावरणाबाबत जबाबदारीने वागा’ असं लिहिलंत तर तितकंच गुळमुळीत उत्तर मिळेल. मागण्या अशा हव्यात की प्रत्येकीचं उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागेल.

मोठ्या उपकरणांसाठी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वजन परत आणणारी मागणी म्हणजे दारातली अदलाबदल: नवा फ्रिज आणणाऱ्या गाडीनेच जुना न्यावा. दोन माणसं आणि ट्रॉली तशीही आलेली असतात. तरी प्रत्यक्षात हे अडतं, आणि का अडतं ते ठाऊक नसेल तर कंपनीच्या हो म्हणण्याला अर्थ राहत नाही.

पहिली अडचण जागेची. सकाळी गाडी खच्चून भरलेली असते; तिसऱ्याच घरातून जुना फ्रिज चढवला तर पुढच्या घरांचा माल काढता येत नाही. म्हणून अदलाबदलीच्या ऑर्डरी फेरीच्या शेवटी लावायला सांगा. दुसरी अडचण मजुरीची. माल पोचवणाऱ्यांना दर डिलिव्हरीमागे पैसे मिळतात. जुनं उतरवून नेण्याचे मिळत नसतील तर ॲपवर ‘ग्राहकाने नकार दिला’ असं बटण दाबून ते पुढे जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तेव्हा दोन गोष्टी मागा: परत आणलेल्या प्रत्येक वस्तूमागे वेगळा मोबदला, आणि ‘नकार’ नोंदवायला ग्राहकाच्या ओटीपीची अट. तिसरी अडचण ग्राहकाच्या बाजूची. फ्रिज रिकामा नसतो, बर्फ वितळलेला नसतो, वॉशिंग मशीनच्या पाइपात पाणी असतं. आदल्या दिवशी एक मेसेज गेला की हे बरंच सुटतं: फ्रिज रिकामा करून बंद ठेवा, मशीनचा नळ बंद करून पाइप सोडवा आणि आतलं पाणी काढा. एसी मात्र ग्राहकाने स्वतः सोडवू नये. तंत्रज्ञाने आतला गॅस रीतसर काढून घेतल्याशिवाय पाइप कापला तर सगळा गॅस हवेत जातो. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त आहे आणि नंतर आलेल्या आर-१३४ए ची सुमारे १,४३० पट. एका फ्रिजचा गॅस सुटला तर प्लास्टिक आणि पत्रा रिसायकल करून मिळवलेलं बरंचसं त्यातच जातं.

फोन आणि लॅपटॉपला दारातली अदलाबदल जुळत नाही. नवा फोन हातात आल्यावर डेटा हलवायला वेळ लागतो. माणूस दारात उभा असताना कुणी जुना फोन देत नाही. इथे डिलिव्हरीनंतर ७ ते १४ दिवसांत वेगळ्या पिकअपची सोय मागा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी आठवण पाठवली जावी, हेही लिहा.

लहानसहान मालासाठी घरोघरी पिकअप महागात पडतं, आणि कंपनीचं हे म्हणणं खरंच आहे. तिथे जमा करायच्या जागा मागाव्यात: पार्सल घ्यायची काउंटरं, लॉकर, भागीदार दुकानं. पेटीचं तोंड इतकं अरुंद हवं की हात आत जाऊन माल बाहेर येणार नाही. बॅटरीसाठी वेगळा कप्पा हवा. पेटी किती दिवसांनी रिकामी होणार ते तिच्यावर छापलेलं असावं. भरून वाहणारी पेटी एकदा दिसली की लोक पुन्हा फिरकत नाहीत.

कूपनबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. जुनं दिल्यावर पुढच्या खरेदीवर सूट मिळाली की योजना हळूहळू जाहिरातीच्या खात्यात जाते आणि सेल संपला की बंद पडते. त्यापेक्षा चेकआउटवर आधीच दिसणारी एक चौकट मागा: ‘माझ्याकडे जुनं उपकरण आहे, घेऊन जा.’

बॅटरीचा मुद्दा

कंपनीचा सर्वांत दमदार आक्षेप इथून येतो, आणि तो खोटा नाही. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल आहे: संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुट्या लिथियम-आयन बॅटरीचा क्रमांक यूएन ३४८०, उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत बांधलेल्या बॅटरीचा यूएन ३४८१. फुटलेली, फुगलेली किंवा सदोष बॅटरी विमानाने नेता येत नाही, आणि रिसायकलिंगला निघालेल्या बॅटऱ्यांनाही विशेष सरकारी परवानगीशिवाय विमान बंद आहे. म्हणून मागणीतच लिहा: परतीचा माल रस्त्याने किंवा रेल्वेने, पहिल्या टप्प्यात फक्त उपकरणात बसवलेल्या, शाबूत बॅटऱ्या, फुगलेल्यांसाठी वेगळं केंद्र. इतकी तयारी दिसली की कंपनीच्या सुरक्षा विभागाशी बोलणं सोपं जातं.

लोकांना द्यायच्या सूचना थोडक्यात अशा. सुट्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. दोन बॅटऱ्यांची टोकं किंवा मध्ये पडलेली एखादी किल्ली एकमेकांना लागली तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागते. फोनमध्ये घट्ट बसवलेली बॅटरी उचकटून काढू नका; फोन बंद करून तसाच द्या. पाठ उचललेला फोन किंवा फुगलेली पॉवर बँक दाबू नका, भोसकू नका, चार्ज करू नका आणि कुरियरच्या खोक्यात तर टाकूच नका. ती धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून, थेट केंद्रावर न्या.

डेटाची भीती हे लोक फोन न देण्याचं मोठं कारण आहे. मागणी अशी ठेवा की पिकअप ठरवतानाच या पायऱ्या स्क्रीनवर दिसाव्यात: बॅकअप घ्या, फोन ज्या खात्याला जोडलाय त्यातून बाहेर पडा, मगच फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केलेला फोन कुलूपबंदच राहतो. तो चांगला असला तरी दुरुस्त करून वापरता येत नाही, थेट भट्टीच्या वाटेला लागतो. चालूच न होणाऱ्या फोनसाठी सिरियल किंवा आयएमईआय क्रमांक असलेला, मेमरी नष्ट केल्याचा दाखला मागा. डेटा पुसण्याचे स्तर अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेत दिले आहेत. यांपैकी कुठला स्तर पाळला जातो एवढा प्रश्न पुरेसा आहे.

पत्र

एका पानाच्या आत. मजकूर साधारण असा ठेवा:

‘अमुक तारखेला तुमच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर पाच वस्तू तीन पिनकोडवर तपासल्या. विक्रीयोग्य नसलेलं उपकरण परत देण्याचा पर्याय पंधरापैकी अमुक वेळा दिसला. स्क्रीनशॉट जोडले आहेत. एक्स्चेंज वगळून पुढील प्रश्नांची हो/नाही उत्तरं अमुक तारखेपर्यंत द्यावीत. १. मोठ्या उपकरणाच्या डिलिव्हरीवेळी त्याच प्रकारचं जुनं उपकरण विनाशुल्क नेण्याचा पर्याय चेकआउटवर देणार का? २. तुमच्या स्वतःच्या ब्रँडची उपकरणं कधीही, नवी खरेदी न करता परत घेणार का? ३. माल कोणत्या रिसायकलरकडे जातो ते नाव व नोंदणी क्रमांकासह जाहीर करणार का? ४. दर तिमाहीला किती किलो गोळा झालं ते प्रसिद्ध करणार का?’

ग्राहक सेवेला पाठवलेलं पत्र तिथेच जिरतं. तक्रार निवारण अधिकारी, शाश्वतता विभाग आणि कंपनी सचिव अशा तिघांना एकाच वेळी पाठवा आणि तिघांची नावं पत्रावर दिसू द्या. भारतात ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मात्र त्यासाठी पत्र खरोखर तक्रार असायला हवं: ‘अमुक ऑर्डरमधली वस्तू आता निकामी आहे, ती परत घेण्याची व्यवस्था सांगा.’ सूचना म्हणून लिहिलंत तर हा नियम लागू करून घेता येणार नाही.

‘खर्च कोण देणार?’ हा प्रश्न येणारच. उत्पादकांना उद्दिष्टं असतात; भारतात ती रिसायकलिंगची आहेत आणि नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घेऊन पुरी करावी लागतात. ग्राहकाच्या घरापर्यंत पोचणारी गाडी विक्रेत्याकडे आहे, उद्दिष्ट उत्पादकाच्या डोक्यावर आहे, माल रिसायकलरला हवा आहे. तिघांचा करार सुचवा; फुकटची समाजसेवा मागतो आहोत असा सूर नको.

हो म्हटल्यावर

पहिल्या होकाराला लगेच देशभर योजना मागू नका. तीन पिनकोड, तीन महिने, फक्त मोठी उपकरणं आणि बॅटरी आत असलेले फोन-लॅपटॉप एवढीच चाचणी मागा. चाचणीत सहा आकडे हवेत: आलेल्या विनंत्या, पूर्ण झालेले पिकअप, ‘नकार’ नोंदलेले, गोदामात मोजलेलं वजन, रिसायकलरच्या पावतीवरचं वजन आणि अपूर्ण अवस्थेत पोचलेल्या वस्तू. शेवटचा आकडा कुणी आपणहून देत नाही. फ्रिजमधला कॉम्प्रेसर आणि वॉशिंग मशीनची मोटर तांब्यापायी वाटेतच काढली जाते. मग रिसायकलरकडे पोचतो तो रिकामा सांगाडा आणि गॅस तर आधीच उडालेला असतो. गोदामाचं वजन आणि पावतीचं वजन यांत फ्रिजमागे काही किलोंची तूट सातत्याने दिसली तर पहिला संशय इथे घ्या. घरून उचलताना आणि गोदामात उतरवताना फ्रिजच्या मागच्या बाजूचा फोटो काढला, तर कॉम्प्रेसर कुठे गायब झाला ते कळतं.

रिसायकलरकडे तीन गोष्टी विचारा: परवाना कोणत्या क्षमतेचा आहे, स्वतः काय वेगळं करता, आणि सर्किट बोर्ड, पिक्चर ट्यूबची काच, बॅटऱ्या पुढे कुणाला देता. आर२ किंवा ई-स्टुअर्ड्स हे रिसायकलरांना मिळणारं प्रमाणपत्र असेल तर पुढच्या साखळीचीही तपासणी अपेक्षित असते. माल परदेशी जात असेल तर १ जानेवारी २०२५ पासून बाझेल कराराखाली (कचरा एका देशातून दुसऱ्यात नेण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार), घातक असो वा नसो, सगळ्या ई-कचऱ्याला घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. तिची प्रत मागा. ‘१०० टक्के रिसायकल’ असं लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका. उपकरणाचा काही भाग जाळला किंवा पुरला जातोच, आणि कामाची कंपनी तो किती ते सांगते.

योजना सुरू झाल्यावर महिन्याने तीच तपासणी त्याच पाच वस्तूंवर पुन्हा करा, मग दर तिमाहीला. ॲप बदललं की चेकआउटवरची चौकट हमखास दुसऱ्या पानावर ढकलली जाते, विनंत्या घटतात आणि ‘लोकच जुनं देत नाहीत’ म्हणून योजना गुंडाळायची बोलणी सुरू होतात. त्या बैठकीत चौकट कोणत्या तारखेपासून दिसेनाशी झाली ते दाखवणारे दोन स्क्रीनशॉट हातात असू द्या.